टेक्निकल डायव्हिंगच्या कोर्समध्ये तेच ते व्हॉल्व्ह ड्रिल, म्हणजे हात मागे नेऊन पाठीवरच्या सिलिंडरांच्या तीन व्हॉल्व्हचे नॉब एकेक करून बंद करायचे आणि उघडायचे हा सराव, पुन्हापुन्हा का करून घेतात? सरावातच अपघात झाला तर?

साध्या डायव्हिंगमध्ये काही बिघडलं तर शेवटचा उपाय ठरलेला असतो: वर निघून जायचं. टेक्निकलमध्ये नेमका तोच हातात नसतो. डोक्यावर गुहेचं छत असतं, बुडालेल्या जहाजाचा डेक असतो, नाहीतर डेको असतो, म्हणजे ठरावीक खोलीवर ठरावीक मिनिटं थांबल्याशिवाय वर येता येत नाही. जे बिघडेल ते जिथल्या तिथे निस्तरावं लागतं, म्हणून एवढी ड्रिल्स.

तुम्ही लिहिलंय की पूलमध्ये तुमचं व्हॉल्व्ह ड्रिल झटपट होतं, तरी इन्स्ट्रक्टर परत करायला लावतात. त्यांचं लक्ष बहुतेक तुमच्या वेगाकडे नसेल, खोलीकडे असेल. कोर्समध्ये मदतनीस म्हणून पाण्यात असतो तेव्हा मीही तेच बघतो. नॉब शोधायला हात मागे गेला की छाती उचलली जाते, गुडघे खाली येतात आणि माणूस नकळत श्वास धरून ठेवतो. मग ६ मीटरवर सुरू झालेलं ड्रिल ४ मीटरवर संपतं आणि करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो! नॉब सगळे बरोबर फिरवलेले असतात, पण ६ मीटरचा डेको स्टॉप असता तर तो मोडला असता. खोली न सोडता, बडीकडे म्हणजे सोबतच्या डायव्हरकडे बघत, सावकाश केलेलं ड्रिलच खरं.

आता त्या तीन नॉबमागचं कारण. ट्विनसेटच्या, म्हणजे पाठीवरच्या जोड सिलिंडरांच्या, नेहमीच्या मांडणीत उजव्या व्हॉल्व्हवर तोंडातला रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतात तो) लाँग होजवर, म्हणजे लांब नळीवर असतो आणि विंगचा, म्हणजे तरंगण्यासाठीच्या हवेच्या पिशवीचा, इन्फ्लेटरही त्यावरच. डाव्यावर गळ्यातला बॅकअप रेग्युलेटर आणि उरलेला गॅस दाखवणारा प्रेशर गेज. मध्ये दोन्ही सिलिंडर जोडणारा व्हॉल्व्ह, म्हणजे आयसोलेटर. पुढे पोहताना छताला घासून डावा नॉब बंद व्हायच्या दिशेने फिरतो, उजवा उघडायच्या दिशेने. म्हणून ज्यातून स्वतः श्वास घेतोय आणि जो वेळ पडली तर दुसऱ्याला द्यायचाय तो रेग्युलेटर उजवीकडे. ड्रिलमध्ये उजवा व्हॉल्व्ह बंद केला की तो रेग्युलेटर ओढताना जड होत जातो आणि गॅस संपतो, तेव्हा बॅकअपवर जायचं. पण तेवढा वेळ इन्फ्लेटरही बंद असतो, आणि बडीने गॅस मागितला तर लाँग होजमध्ये द्यायला काही नसतं. हे एकदा डोक्यात बसलं की व्हॉल्व्ह पुन्हा पूर्ण उघडल्याशिवाय पुढच्या पायरीला कोणी हात लावत नाही.

आयसोलेटरकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. ड्रिलनंतर तो चुकून बंद राहिला तर तुम्ही उजव्या सिलिंडरमधून श्वास घेत राहता आणि गेज डाव्याचा आकडा दाखवत राहतं. बराच वेळ झाला तरी काटा हलत नाही, आणि माणूस खूश होतो की आज आपण किती कमी गॅस वापरतोय. न हलणारा काटा दिसला की आधी हात आयसोलेटरवर गेला पाहिजे.

पुन्हापुन्हा करून घेण्याचं आणखी एक कारण आहे. ड्रिलमध्ये कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा हे आधीच माहीत असतं. खरा बिघाड होतो तेव्हा मानेमागे नुसता बुडबुड्यांचा गदारोळ असतो, स्वतःला काही दिसत नाही, आणि ४० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या पाचपट असल्याने गॅसही त्याच प्रमाणात पटापट जातो. आधी आयसोलेटर बंद करायचा की ज्या बाजूने बुडबुडे येतायत ती बाजू, यावर वेगवेगळ्या पद्धती शिकवल्या जातात. कुठलीही धरा, पण टीममध्ये एकच धरा. मागे काय चाललंय ते बडीला दिसतं, त्यामुळे त्याला दिव्याने इशारा करून बोलावणं हाही ड्रिलचाच भाग. हातांना क्रम पाठ झालेला असेल तरच डोकं या विचाराला मोकळं राहतं.

तुमची भीती मात्र अगदी रास्त आहे. सराव उथळ पाण्यात, डेको नसताना करावा, बंद करण्याआधी बॅकअपमधून श्वास घेऊन बघावा, आणि समोर एक जण असा असावा जो स्वतः ड्रिल करत नाहीये आणि लगेच गॅस देऊ शकतो. मास्क गेला, दिवा गेला, दोन व्हॉल्व्ह गेले आणि त्यात बडीही बेशुद्ध, असं सगळं एकदम अंगावर टाकणारे इन्स्ट्रक्टर असतात. मला तो तमाशा वाटतो. त्यातून शिकणारा घाबरायला शिकतो, बिघाड ओळखायला नाही.

गॅस स्विचचं, म्हणजे वर येताना जास्त ऑक्सिजनच्या सिलिंडरवर जायचं ड्रिल कंटाळवाणं दिसतं, पण घाई करायची ती जागाच नव्हे. ५० टक्के ऑक्सिजनचं मिश्रण २१ मीटरवर आणि शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरवर घेतात, कारण तिथे ऑक्सिजनचा आंशिक दाब (मिश्रणातल्या ऑक्सिजनच्या वाट्याचा दाब) साधारण १.६ बारपर्यंत राहतो. शुद्ध ऑक्सिजनचा रेग्युलेटर चुकून २१ मीटरवर तोंडात गेला तर तोच दाब ३.१ बार होतो. मग पूर्वसूचना न देता झटके येऊ शकतात, रेग्युलेटर तोंडातून सुटतो आणि माणूस बुडतो. म्हणून सिलिंडरवरचा खोलीचा आकडा वाचायचा, होज हाताने सिलिंडरपासून तोंडापर्यंत चाचपायचा, बडीला दाखवायचं, त्याने मान डोलावली की मगच स्विच.

शेवटी तुम्ही विचारलंय की हात नॉबपर्यंत नीट पोचत नाही, खांद्यात ताकद कमी आहे का. बहुतेक वेळा ताकदीचा प्रश्न नसतो. सिलिंडर बँडमध्ये थोडे वर सरकवून बघा, हार्नेसचे खांद्याचे पट्टे जरा सैल करा, ड्रायसूटच्या (पाणी आत न येऊ देणाऱ्या पोशाखाच्या) आत खांद्यापाशी कपडे दाटतायत का ते तपासा. मान मागे टाकण्याऐवजी कोपर डोक्याजवळ आणून हात वरून मागे न्या. जुन्या दुखापतीमुळे खांदा खरंच वळत नसेल तर सिलिंडर दोन्ही बगलांना लावायची साइडमाउंट पद्धत आहे, त्यात व्हॉल्व्ह छातीजवळ डोळ्यांसमोर येतात. इन्स्ट्रक्टरशी त्याबद्दल बोला, पण डेकोच्या डाइव्ह सुरू व्हायच्या आधी.