मसुद्यातला ‘शक्यतो’

सप्रेम आशीर्वाद.

आपत्ती व्यवस्थापन विधेयकातील स्त्रियांविषयीच्या प्रकरणाचा तुझा मसुदा दोनदा वाचला. पहिल्या वाचनात भाषा आवडली, दुसऱ्या वाचनात तीच खटकली. ‘निवारा केंद्रांत स्त्रियांच्या गरजांकडे शक्यतो विशेष लक्ष पुरविण्यात येईल’ हे वाक्य सभागृहात बाके वाजवून घेईल. पण पूर ओसरल्यावर एखादी स्त्री तेच वाक्य घेऊन अधिकाऱ्यापुढे उभी राहिली, तर ‘लक्ष पुरवले होते’ एवढे उत्तर त्याला पुरेल. कोणी, किती तासांत, कोणत्या निधीतून पुरवायचे आणि न पुरवल्यास जाब कोणाला विचारायचा, याबद्दल तुझे कलम गप्प आहे.

कायदा लिहिणाऱ्याने दोन क्रियापदांतला फरक कधी विसरू नये: ‘करील’ म्हणजे करावेच लागेल, आणि ‘करू शकेल’ म्हणजे मर्जी. भारताच्या 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम 12 काढून बघ. आपद्ग्रस्तांना द्यायच्या किमान मदतीचे निकष राष्ट्रीय प्राधिकरण सुचवील, आणि त्यांत निवारा, अन्न, पाणी, वैद्यकीय सेवा, स्वच्छता, विधवा व अनाथांसाठी विशेष तरतुदी आणि सानुग्रह साहाय्य (मृत्यू किंवा नुकसानीबद्दल दिली जाणारी रक्कम) यांचा समावेश असेल, असे मूळ कलम सांगते. कोविडने मरण पावलेल्यांच्या वारसांना साहाय्य देण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा हे कलम बंधनकारक नसल्याचा युक्तिवाद सरकारने केला; न्यायालयाने 30 जून 2021 रोजी तो फेटाळला. तिथे ‘करू शकेल’ असते, तर न्यायालयाला धरायला काही उरले नसते.

त्याच कलमात स्त्री दिसते ती मात्र विधवा म्हणून. मदत देताना लिंगाच्या आधारावर भेदभाव करू नये, असे कलम 61 बजावते आणि ते योग्यच आहे. पण भेदभाव न करणे आणि गरज ओळखणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मदतीच्या ज्या संचात सॅनिटरी पॅड नाहीत, तो सर्वांना सारखा वाटला तर कलम 61 चा भंग होत नाही. तुझे विधेयक तिथेच अडकू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

दुसरे असे की तुझ्या मसुद्यात स्त्री थेट निवारा केंद्रातच भेटते. तिथवर पोहोचायला ती आधी वाचली पाहिजे. 2004 च्या त्सुनामीनंतर ऑक्सफॅम या मदतसंस्थेने इंडोनेशियातल्या आचे बेसार जिल्ह्यातील चार गावांची पाहणी केली, तेव्हा वाचलेल्या 676 जणांत स्त्रिया फक्त 189 होत्या. पुरुषांपैकी काही समुद्रात दूर होते, काही कामासाठी बाहेर. स्त्रिया किनाऱ्यावरच्या घरांत होत्या, मुलांना सोडून पळू शकल्या नाहीत, आणि पोहायला किंवा झाडावर चढायला त्यांना कोणी कधी शिकवले नव्हते. बांगलादेशात 1991 च्या चक्रीवादळातही स्त्रियांचे मृत्यू पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक होते. इशारा घरातल्या पुरुषापर्यंत पोहोचला तरी तो बाईपर्यंत पोहोचलाच असे नव्हते, आणि अनोळखी पुरुषांनी भरलेल्या आसऱ्यात जाणे अनेकींना अशक्य वाटले. आज तिथल्या चक्रीवादळ सज्जता कार्यक्रमाच्या स्वयंसेवकांत सुमारे निम्म्या स्त्रिया आहेत. म्हणून इशारा देण्याच्या कलमातच ‘घरोघरी जाऊन इशारा देणाऱ्या पथकात किमान निम्म्या स्त्रिया असतील’ असे लिही. त्यासाठी वेगळ्या प्रकरणाची वाट पाहू नकोस.

निवारा केंद्राविषयी लिहिताना ‘पुरेशी स्वच्छतागृहे’ हा शब्दप्रयोग टाळ. मानवतावादी मदतीच्या स्फिअर मानकांत दर 20 माणसांमागे एक शौचालय आणि स्त्रियांची व पुरुषांची शौचालये 3:1 या प्रमाणात, असे आकडे आहेत. ते अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या तक्त्यात, घाल. दाराला आतून कडी असावी आणि तिथपर्यंतच्या वाटेवर रात्रभर दिवा असावा, हेही घाल. कडीचा उल्लेख अनुसूचीत शोभत नाही, असे कोणी तरी म्हणेलच. त्याला एक रात्र तिथे राहायला सांग. जपानमध्ये 2011 च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर शाळांच्या व्यायामशाळांत हजारो माणसे राहिली. अनेक ठिकाणी कपडे बदलायला आडोसा नव्हता, केंद्र चालवणारे बहुतेक पुरुष होते, आणि पॅड मागायचे तेही त्यांच्याकडेच, म्हणून कित्येक जणींनी मागितलेच नाहीत. 2013 मध्ये तिथल्या सरकारने स्त्री-पुरुष समानतेच्या दृष्टीने वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढली. फिलिपाइन्सच्या 2010 च्या कायद्याने तर आपत्तीविषयक राष्ट्रीय परिषदेत महिला आयोगाच्या अध्यक्षांना जागाच दिली आहे. ‘महिला प्रतिनिधींचा सल्ला घेण्यात येईल’ यापेक्षा अशी जागा मला अधिक भरवशाची वाटते, कारण सल्ला बैठक संपल्यावरही घेतल्याचे दाखवता येते.

आता माझीच एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी नुकसानभरपाईच्या नियमांसोबतचा पंचनाम्याचा नमुना मी तयार केला होता. त्यात एकच रकाना होता, ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’, आणि रक्कम त्याच नावावर जमा होणार होती. पुढे एक बाई कचेरीत आल्या. नवरा कित्येक वर्षे घर सोडून गेलेला, घर आणि शेत त्या एकट्या बघत होत्या, पण कागदोपत्री प्रमुख तोच. पडलेल्या घराची रक्कम त्याच्या खात्यात गेली होती. नियमाप्रमाणे कोणाचीच चूक नव्हती, आणि नियम मी लिहिला होता. मसुदा करताना कलमे दहा वेळा तपासली जातात, पण सोबतचा नमुना कोणी उघडून पाहत नाही. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत बांधून दिलेल्या घरांचे हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे दिले गेले. हा दाखला विधेयक तपासणाऱ्या समितीपुढे ठेव. घर सांभाळणारी प्रौढ स्त्री स्वतंत्र दावेदार असेल, अशी व्याख्या विधेयकातच कर, नियमांवर सोडू नकोस.

आपत्तींचा धोका कमी करण्यासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा सेंडाई आराखडा (2015) आणि त्यांच्याच स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनासाठीच्या समितीची 2018 मधली 37 वी सर्वसाधारण शिफारस यांचे उतारे तू प्रस्तावनेत भरले आहेस. ते तिथून काढ. सेंडाई आराखडा लिंग, वय आणि अपंगत्व यांनुसार वेगळी माहिती ठेवायला सांगतो. ती माहिती मृत, जखमी आणि विस्थापित यांच्या नोंदवहीत उतरेल आणि अहवाल ठरावीक मुदतीत सभागृहाच्या पटलावर येईल, असे एक पोटकलम कर. अहवाल पटलावर आला की सदस्यांना प्रश्न विचारता येतात. निधीसाठी वेगळे लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पात खर्चाची स्वतंत्र नोंद, माग. ते नसेल तर आपत्तीच्या धांदलीत हा खर्च सर्वांत आधी कापला जातो.

विधेयकाच्या समितीची बैठक जवळ आली आहे, म्हणून प्रस्तावना नंतर बघ. आधी मसुद्यातला ‘शक्यतो’ किती वेळा आला आहे ते मोज (मी अकरा वेळा मोजला), प्रत्येकासमोर कोणत्या अधिकाऱ्याने काय करायचे ते लिही, आणि पंचनाम्याच्या नमुन्यासह मला पाठव. नमुना मी आधी वाचीन.

तुझा हितचिंतक