वयस्कर माणसांना नवीन टेक्नॉलॉजी शिकवणं इतकं अवघड का जातं?

तुम्ही लिहिलंय की वडील रिटायर्ड आहेत, चांगला फोन घेऊन दिलाय, चारचारदा दाखवलं तरी पेमेंट करायला घाबरतात, आणि पुढे विचारलंय की वयामुळे डोकं चालत नसेल का. वयाचं मला तरी पटत नाही. आमच्या घरातलं सांगतो.

बाबा ठाण्यात वागळे इस्टेटला एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते, म्हणजे लेथ मशीनवर धातू फिरवत कापून पार्ट बनवायचे. आता तिथे काचेच्या बिल्डिंगा आणि आयटीवाले दिसतात, पण ही एमआयडीसीची अगदी पहिली वसाहत, १९६२ च्या आसपासची, आणि माझ्या लहानपणी तिकडे गेलं की नुसता कूलंटचा, म्हणजे कापताना मशीनवर सोडतात त्या तेलकट पाण्याचा वास. बाबांची निम्मी नोकरी साध्या लेथवर गेली आणि नव्वदच्या दशकात मालकाने सीएनसी मशीन आणलं, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारं. कॉम्प्युटर तोवर लांबूनसुद्धा बघितलेला नव्हता, इंग्लिशचा आनंदच, तरी शिकले. त्या मशीनला हुकूम द्यायचे ते कोडमध्ये: जी झिरो झिरो म्हणजे टूल सुसाट सरकणार, जी झिरो वन म्हणजे ठरवलेल्या वेगाने सरळ कापत जाणार, झिरो टू नि झिरो थ्री गोलाईसाठी, एम झिरो थ्रीला स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरता दांडा, फिरायला लागणार, एम थर्टीला प्रोग्रॅम खलास. वहीत लिहून आणायचे आणि जेवताना पुटपुटत बसायचे, आईला वाटायचं कसलातरी जप चाललाय. आता या माणसाला टेक्नॉलॉजी जमत नाही असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

तरी फोनवरून पैसे पाठवायचे म्हटलं की हात आखडता. एकदा सरळच विचारलं की नक्की भीती कसली वाटते, तर म्हणाले, "अरे, नवीन प्रोग्रॅम टाकला की आम्ही आधी ड्राय रन घ्यायचो, जॉब म्हणजे कापायचा तुकडा न लावता. मग सिंगल ब्लॉकवर एकेक ओळ चालवून बघायची. तुझ्या या फोनला ड्राय रन कुठाय? बटण दाबलं की गेले पैसे."

मला हे शंभर टक्के पटलं. आपण तरुणपणी फोन शिकलो ते गेम खेळत, रिंगटोन बदलत, चुकलं तरी काही बिघडत नव्हतं. यांच्या हातात फोन आला तो थेट बँक, पेन्शन, गॅस, लाइट बिल घेऊन, आणि वर रोज पेपरात कुणाचे तरी लाखभर गेल्याची बातमी, मग माणूस घाबरणार नाही तर काय.

दुसरं म्हणजे शिकलेलं टिकत नाही. जी झिरो वन तेव्हाही सरळ कापायचा, आजही कापतो. आणि बँकेचं अ‍ॅप? (आमची कुठली बँक ते जाऊ दे.) बाबांनी वहीत लिहून ठेवलं होतं, खाली डावीकडून दुसरं चित्र, एका अपडेटनंतर ते चित्रच तिथे नाही. आपण शोधतो आणि विसरून जातो, त्यांच्या लेखी मात्र सगळी पाटी परत कोरी. साधं लोकलचं तिकीट घ्या ना, आधी पुठ्ठ्याचं, मग कूपनची वही, ती मशीनमध्ये घालून ठप्पा मारायचा, मग एटीव्हीएम म्हणजे तिकिटाच्या मशीनचं स्मार्टकार्ड, मग फोनवरचं यूटीएस अ‍ॅप, ते अंगवळणी पडतंय तोवर २०२५ मध्ये रेलवन हे नवीन अ‍ॅप. ठाण्याहून दादरला जायचं तेवढंच आहे हो.

बाबांनी यावर स्वतःच जुगाड काढला. कुणाला पहिल्यांदा पैसे पाठवायचे असतील तर आधी एक रुपया पाठवतात, समोरच्याला फोन लावून "आला का?" विचारतात, मगच उरलेले, तेही तो एक रुपया वजा करून. दूधवाला हसतो, हसू दे. मी फक्त एकच नियम पक्का करून घेतला की पिन टाकायचा तो पैसे द्यायला, घ्यायला कधीच नाही, त्यामुळे पैसे मिळणार म्हणून कुणी पिन टाकायला किंवा कोड स्कॅन करायला सांगितलं तर तो चोर समजायचा. आणि १९३० हा सायबर फ्रॉडचा हेल्पलाइन नंबर फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवलाय, पैसे गेलेच तर ताबडतोब तिथे फोन करायचा.

आता तरुण पिढीचं पण ऐका. भाची ऐरोलीला असते, बारावी झाली, फोनवर बोटं अशी चालतात की आपल्याला दिसत पण नाहीत. अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरायला लॅपटॉप दिला तर मार्कशीट सेव्ह झाली, पण कुठे झाली ते तिला सांगता येईना. फोल्डर ही भानगडच तिने कधी हाताळलेली नाही, फोन कुठे विचारतो फाइल कुठे ठेवू म्हणून. शेवटी बाबा मागून चष्मा सावरत म्हणतात, "आमच्या प्रत्येक प्रोग्रॅमला ओ आणि पुढे चार आकडे असायचे, कुठल्या जॉबचा कुठला ते वहीत. नावच दिलं नाहीस तर सापडणार कुठून?" ती म्हणाली, "आबा, सर्च करायचं असतं." केलं सर्च, आणि डॉक्युमेंट नावाच्या ढीगभर फाइली आल्या. एकेक उघडत बसली मग.

आईची तर तऱ्हाच वेगळी, तिला ना भीती ना वही. माइकचं बटण दाबून यूट्यूबला "अगं ते आंबोळ्यांचं दाखव" असं सांगते आणि ते बापडं दाखवतं.

तर तुमच्या वडिलांना दाखवताना फोन त्यांच्याच हातात राहू दे, बोट त्यांचंच चालू दे, आणि आधी तुमच्याच खात्यात रुपया-रुपया पाठवायला लावा. जे जमत नाही ते सोडून द्या. बाबा अजून दर महिन्याला ब्रँचमध्ये जाऊन पासबुक प्रिंट करून आणतात, अ‍ॅपमध्ये सगळं दिसतं तरीही, आणि मी त्यावर वाद घालत नाही.