फ्युएल पंप बदलण्याआधी एवढं कर

आधी गाडीच्या टाकीतून इंजिनला पेट्रोल पाठवणारा पंपच गेलाय याची खात्री कर. इग्निशन ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक घूं आवाज यायला हवा. नाही आला तर पहिल्यांदा फ्यूज, रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) आणि कनेक्टर (वायरचा जोड) बघ. पावसाळ्यात आपल्याकडे कनेक्टरला गंज लागतोच.

काम बिल्डिंगच्या बेसमेंट पार्किंगमध्ये अजिबात करू नकोस, कितीही पाऊस असला तरी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचून राहते आणि लिफ्टच्या स्विचची ठिणगीसुद्धा तिला पुरते. गाडी उघड्यावर घे, चारही दारं उघडी ठेव, अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेव.

टाकी पाव भागापेक्षा कमी असू दे. पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू कर, ते आपोआप बंद पडलं की पेट्रोलच्या लाइनमधलं प्रेशर उतरतं. पंप गेल्यामुळे इंजिन चालूच होत नसेल तर नुसता स्टार्टर काही सेकंद फिरव. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ. तरीही पेट्रोलचा पाइप सोडवताना त्यावर फडकं धर, डोळ्यांवर सेफ्टी चष्मा हवाच. मागच्या सीटखालच्या पंपाच्या झाकणाभोवतीची माती आधी पुसून घे, नाहीतर ती सरळ टाकीत पडेल. जुनं रबर सील परत वापरू नकोस.

नवा पंप बसवल्यावर, सीट बसवायच्या आधी, फ्यूज आणि बॅटरीची वायर परत लाव, चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ कर आणि टॉर्चने पाइपचा प्रत्येक जोड तपास. जरा जरी ओल दिसली तर इंजिन सुरू करू नकोस.

आणि गाडी सीएनजीवर असली तरी टाकीत पेट्रोल ठेवत जा. पंप पेट्रोलनेच थंड राहतो. कोरडा फिरला की नवासुद्धा जळतो.