आण्णांची पद्मिनी

"वडील जाऊन वर्ष होत आलं. त्यांची जुनी गाडी विकवत नाही आणि चालवायलाही हात धजत नाही. माझं काही बिघडलंय का?" हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. गाडीच्या जागी कधी आईचं शिलाई मशीन असतं, कधी आजोबांची पेटी. आज गाडीवाल्यांचीच हकीकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गृहस्थ चाळिशीतले, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर. त्यांच्या वडिलांचं, म्हणजे आण्णांचं, आयुष्य उद्यमनगरात लेथवर गेलं. त्यांनी हौसेनं सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी घेतली आणि लेकाला लहानपणीच त्या गाडीचं वेड लावलं. दर दसऱ्याला पोराला खांद्यावर बसवून ते दसरा चौकात जायचे, ते सोनं लुटायला कमी आणि छत्रपतींच्या घराण्याची मेबॅक ही जुनी शाही मोटार बघायला जास्त. रविवारी बॉनेट उघडलं की जेवणाची हाक दोनदा मारावी लागायची. पॉइंट पॉलिशपेपरनं घासायचे, प्लगची काजळी काढायची, फीलर गेज घालून फट बघायची. स्टीअरिंगखालचा हँडगिअर आणि १०८९ सीसीचं इंजिन यांबद्दल मला सांगताना ह्या गृहस्थांचा चेहरा फुलला होता. गाडी सध्या कशी आहे, असं विचारल्यावर मात्र ते एकदम गप्प झाले.

गाडी अंगणात पांढऱ्या चादरीखाली उभी होती. रात्री घरचे झोपले की हे जाऊन आत बसायचे, काचा वर करून, तासभर. बायकोला वाटायचं, फोनवर बोलतात. बहीण म्हणायची, विकून टाक, किती दिवस कुरवाळत बसणार? गाडी सुरू का करत नाही, याचं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या रविवारी आण्णांनी कार्ब्युरेटरचा, म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या भागाचा, स्क्रू फिरवून आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाची इंजिनाची संथ गती, लावलं होतं. "ते सेटिंग आण्णांच्या हातचं शेवटचं. दुसऱ्या कुणी हात लावला की गेलंच की ओ मॅडम."

अशा वेळी 'पुढे चला, सोडून द्या' असं सांगायचा मोह घरच्यांना होतो. मानसशास्त्रातही तो बराच काळ होता. गेलेल्या माणसात गुंतलेलं मन हळूहळू सोडवून घेणं म्हणजे शोक, असं मनोविश्लेषक फ्रॉइडनं १९१७ मध्ये मांडलं आणि पुढच्या पिढ्यांनी ते उचललं. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अमेरिकी अभ्यासकांनी वेगळी मांडणी केली: माणूस गेला तरी त्याच्याशी असलेलं नातं रूप बदलून चालू राहतं आणि तो आजार नसतो. माझा अनुभवही तोच आहे. म्हणून मी गाडी ठेवा की विका, या वादात शिरत नाही. त्या आठवणीनं माणूस लोकांत येतो की लोकांपासून तुटतो, एवढंच बघते. यांच्या बाबतीत काचा वर होत्या, ती मला काळजीची गोष्ट वाटली.

मी त्यांना एक साधा प्रश्न विचारला, मेकॅनिकला विचारावा तसा. वर्षभर उभ्या गाडीत कार्ब्युरेटरचं काय होतं? ते सवयीनं सांगू लागले. पेट्रोल उडून जातं, मागं चिकट थर राहतो, जेट तुंबतात, फ्लोट अडकतो. बॅटरी बसते. टायर एका बाजूनं चपटे होतात. बोलता बोलता थांबले. "म्हणजे ते सेटिंग तसंही राहिलेलं नाही." आण्णा गेल्यापासून ते पहिल्यांदाच रडले, आणि बराच वेळ रडले.

पुढच्या भेटीला आई आल्या. लेकाला वाटत होतं, गाडी हलवली तर आईला त्रास होईल. त्या म्हणाल्या, "ती पांढरी चादर तेवढी काढ बाबा. रोज सकाळी दार उघडलं की मला ह्यांना झाकून ठेवलंय असंच वाटतं." एकाच घरात दोघं एकमेकांना जपत होती आणि दोघंही एकेकटी सोसत होती.

चादर त्याच दिवशी निघाली. खंडेनवमीच्या आधी आण्णांच्या जुन्या मित्राला बोलावून कार्ब्युरेटर उघडला. स्क्रू ह्यांनीच फिरवला, अकरा वर्षांची लेक फीलर गेज धरून उभी. डॅशबोर्डच्या खणातल्या आण्णांच्या वहीत तारीख, किलोमीटर आणि ऑइल यांच्या नोंदी होत्या. त्याखाली ह्यांनी आपली नोंद लिहिली. आता रविवारी जोतिबाला जाताना आई पुढे बसतात.

एक गाठ मात्र सुटायला वेळ लागला. मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी करायची, असा नियम आहे. आरसी बुकावरचं आण्णांचं नाव जाणार म्हणून ह्यांनी अर्ज केलाच नव्हता. पण तसंच फिरलं तर अपघात झाल्यावर विम्याची भानगड होते. जुन्या आरसीची झेरॉक्स फ्रेम करून घेतली, मग अर्ज केला. उशीर झाला असेल तरी आरटीओत जाऊन विचारा, घाबरून बसू नका.

कधीतरी जाऊन गाडीत बसणं, वास घेणं, रडणं, हे काही बिघडल्याचं लक्षण नाही. पण तीव्र ओढ रोजचीच झाली, कामावर लक्ष लागेना, आपणही जावं असे विचार येऊ लागले, तर वाट बघू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ६ महिन्यांहून अधिक काळ रेंगाळणाऱ्या आणि जगणं अडवणाऱ्या शोकाला उपचाराची गरज असलेला त्रास मानलं आहे. मरणाचे विचार आले तर ६ महिन्यांचा हिशोब करायचाच नाही, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा किंवा टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन करा.

आणि ज्यांच्याकडे जागा नाही, पैसे नाहीत, त्यांनी गाडी खुशाल विकावी. फक्त त्याआधी घरच्या सगळ्यांना घेऊन एक फेरी मारा, वडिलांच्या गॅरेजवाल्या मित्राकडून दोन गोष्टी ऐकून घ्या, आणि गाडी कुणाच्या हातात जाते ते बघा. आण्णांसारखा रविवारी बॉनेट उघडून बसणारा गिऱ्हाईक मिळाला, तर हजार-दोन हजार कमी आले तरी त्यालाच द्या.