गिटारचे नवीन पिकअप घ्यायच्या आधी जुने जरा खाली करा

प्रश्न : दादा नमस्कार. मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सेकंडहँड स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर टाइप इलेक्ट्रिक गिटार) घेतलीय, तीन सिंगल कॉइलवाली, म्हणजे तारांचा आवाज पकडणारे एकेका कॉइलचे तीन पिकअप. आवाज दणदणीत यावा म्हणून तिन्ही पिकअप तारांना जवळजवळ टेकतील इतके वर घेतले. आता सगळ्यात जाड्या ई तारेवर बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) पुढे वाजवलं की एका नोटमध्ये दोन सूर असल्यासारखं थरथरतं, ट्यूनरचा काटा पण नाचत राहतो. दुकानात म्हणाले पिकअप गेलेत, नवीन सेट टाका. खरंच गेलेत का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही रे, काही गेलेले नाहीत, पैसे खिशातच ठेव. पिकअप जातो तेव्हा आवाज बारीक होतो नाहीतर बंदच पडतो, बेसूर होत नाही. तुझी तार बेसूर होतेय कारण खालून लोहचुंबक तिला ओढतंय. स्ट्रॅटच्या पिकअपमध्ये वर दिसतात ते सहा गोल खांब, पोल पीस, ते बहुतेक चांगल्या पिकअपमध्ये स्वतःच अल्निको या मिश्रधातूचे चुंबक असतात, आणि तार लोखंडी, मग जवळ नेलं की ती मोकळी हलूच शकत नाही, वरखाली एक वेग आणि आडवा दुसराच, म्हणून ते दोन सूर. गिटारवाले याला स्ट्रॅटायटिस म्हणतात, म्हणजे बघ किती जुनं दुखणं असेल. जाड्या तारांवर जास्त होतं आणि वरच्या फ्रेटवर जास्त, कारण तिथे दाबलं की तार नेक पिकअपच्या, म्हणजे गिटारच्या गळ्याजवळच्या पिकअपच्या, अजून जवळ जाते. आणि एक गंमत, पिकअप निवडायचा स्विच ब्रिजवर (तारा अडकवतात त्या टोकाच्या पिकअपवर) असला तरी नेक आणि मिडलचे चुंबक ओढतातच, स्विच फक्त आवाज बंद करतो, चुंबक नाही.

आधी खात्री करून घे. तिन्ही पिकअप पार खाली, पिकगार्डच्या (पिकअप बसवलेल्या प्लेटच्या) लेव्हलला ने आणि तीच नोट वाजव. थरथर गेली तर दोष उंचीचा होता. तरीही राहिली तर तार जुनी आहे का, ब्रिजवरचं सॅडल (तार टेकते तो तुकडा) नीट बसलंय का ते बघ.

आता उंची लावू. नवीन तारा, ट्यूनिंग करून, नेकचा बाक आणि अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) आधीच ठीक असू दे, कारण अ‍ॅक्शन नंतर बदललीस की ही सगळी मेहनत पुन्हा. (पावसाळ्यात नेक हलते तेव्हा एकदा परत तपासायचं, कोकणात राहणाऱ्यांनी तर नक्कीच.) शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायची आणि पोल पीसचा माथा ते तारेची खालची बाजू एवढं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजायचं. साध्या व्हिंटेज टाइप सिंगल कॉइलला फेंडरचा आकडा आहे जाड्या ई खाली 2.4 मिमी आणि बारक्या ई खाली 2 मिमी. पिकअपच्या दोन्ही टोकांचे स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवले की पिकअप वर येतो, उलटे फिरवले की खाली. स्क्रू फिरतोय पण पिकअप वर येत नसेल तर आतली स्प्रिंग किंवा रबरी नळी दमलीय, ती बदलायची. स्क्रूड्रायव्हर सांभाळून, चुंबक त्याला खेचून घेतं आणि कॉइलची तार केसाहून बारीक असते, वर मास्किंग टेप लावून घेतलीस तर बरं.

हे आकडे फक्त सुरुवात, पुढे कानावर काम. अ‍ॅम्प क्लीन, गेन (आवाज फाडणारा नॉब) नाही, पेडल नाही. आधी ब्रिज लाव, मग बाकीचे दोन त्याच्याशी जुळव. नेकपाशी तार जास्त झुलते म्हणून तो पिकअप आपोआपच मोठा वाजतो, तेव्हा ब्रिज वर ढकलण्यापेक्षा नेक खाली घे. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि प्रत्येक वेळी तोच रिफ (छोटा तुकडा) वाजव, नाहीतर काय बदललं तेच कळत नाही. खाली नेताना आवाज थोडा लहान होईल, तो अ‍ॅम्पच्या नॉबने परत मिळतो, पण नोट मोकळी होते, सस्टेन (नोट टिकणं) वाढतो, पिकने हळू आणि जोरात वाजवलेल्यातला फरक ऐकू येतो, हे माझ्या मते मोठ्या आवाजापेक्षा केव्हाही भारी. खूप खाली नेलंस तर मात्र पातळ आणि बेजान वाटायला लागतं, तिथून एखादा फेरा परत वर.

जी स्ट्रिंग बाकीच्यांपेक्षा ओरडत असेल तर घाबरू नकोस. 1954 साली स्ट्रॅट आली तेव्हा जी स्ट्रिंग गुंडाळलेली, वाउंड असायची, तिचा आवाज कमी म्हणून तिच्याखालचा खांब उंच ठेवला, आता सगळे प्लेन, म्हणजे न गुंडाळलेली जी लावतात पण व्हिंटेज पिकअपमध्ये खांब तसाच उंच राहिलाय. तो हातोडीने ठोकून खाली बसवायचे व्हिडिओ दिसतील, अजिबात करू नकोस, आतली कॉइल तुटते. पिकअप जरा तिरका ठेवून मधला मार्ग काढायचा.

प्रश्न : माझी लेस पॉल टाइप गिटार आहे, दोन हंबकर (दोन कॉइलचे पिकअप). नेक पिकअपवर कॉर्ड वाजवली की सगळा चिखल. हाच उपाय चालेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : चालेल, पण कारण वेगळं आहे. हंबकरमध्ये चुंबक कॉइलच्या खाली आडवा असतो, वरचे स्क्रू नुसते लोखंडाचे, त्यामुळे तारेवरची ओढ कमी आणि पिकअप जवळ ठेवता येतो. लेस पॉल बनवणाऱ्या गिब्सनचं माप नेकला साधारण 2.4 आणि ब्रिजला 1.6 मिमी, मोजायची पद्धत तीच. तुमचा नेक पिकअप आणखी खाली न्या, विशेषतः जाड्या तारांच्या बाजूला, आणि मग वरचे पोल स्क्रू उलटे फिरवून थोडे वर काढा. इथे लोक गोंधळतात, कारण पिकअपची उंची लावायचा स्क्रू आवळला की पिकअप वर, पण पोल स्क्रू आवळला की तो खाली जातो. दोन कॉइलपैकी स्क्रूवाल्या कॉइलचा वाटा वाढला की नोटा सुट्या ऐकू येतात.

प्रश्न : क्लासिकल गिटारवर असा पिकअप बसवता येईल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. नायलॉनची तार चुंबकाला कळतच नाही. सॅडलखाली पीझो (चुंबकाऐवजी दाबावर चालणारा पिकअप) बसवून घ्या.