पहिलीच गाडी आर-१५ घेऊ का?

प्रश्न : काका, मी २१ वर्षांचा, जुळे सोलापूरला राहतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत कामाला आहे, पगार १६ हजार. आजवर बाबांची स्प्लेंडरच चालवली. उंची ५ फूट ४ इंच. यामाहा आर-१५ मनात बसली आहे, पण दीड लाखाचं कर्ज काढावं लागेल. बाबा नको म्हणतात. घेऊ का?

उत्तर : यंदा नको घेऊस. गाडी वाईट नाही रे, मला स्वतःला फार आवडते. १५५ सीसीचं इतकं गोड फिरणारं इंजिन क्वचित बघायला मिळतं. पण तुझा पगार आणि तुझी उंची वाचून मी थांबलो.

दीड लाख, १२ टक्के व्याज, ३ वर्षं धर. हप्ता ४,९८० च्या आसपास बसतो. पगाराचा जवळपास तिसरा हिस्सा. नुसतं व्याजच २९ हजार. थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरानं ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये, त्याच्या वर ३५० पर्यंत १,३६६. नव्या गाडीला पाच वर्षांचा एकदम भरायचा, म्हणजे ३,८५१ च्या जागी ७,३६५. वरच्या पाच सीसीपायी. हे सगळं निदान कोटेशनवर दिसतं. फायबरचा, म्हणजे गाडीच्या अंगावरच्या प्लास्टिक कव्हरांचा खर्च दिसत नाही.

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत एक पोरगा पंधरा दिवसांची गाडी घेऊन माझ्या गॅरेजला आला. विजापूर वेशीत गर्दीत उभा होता, डावा पाय वाळूवर टेकला आणि सरकला. वेग शून्य. डाव्या बाजूचं फायबर तडकलं, क्लच लिव्हर तुटला, इंडिकेटर गेला. स्प्लेंडर असती तर लेगगार्डवर निभावलं असतं. तो रुमालानं चिरेवरची धूळ पुसत होता. पुसली की चीर जास्तच ठळक दिसायची. मला त्याच्याकडं बघवेना.

तुझंही तेच होईल अशी भीती वाटते. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटर उंच, हिची ८१५. वजन ११२ किलोवरून १४० च्या पुढं. हँडल खाली, त्यामुळं भार मनगटांवर, आणि वळतंही कमी. कोंतम चौकात हाफ क्लचवर सरकताना तुझे फक्त चवडे टेकतील. मे महिन्यात रेडिएटरची गरम हवा पायावर येईल ती वेगळीच. आणि ऊसाच्या सीझनमध्ये अंधारात बिनदिव्याची ट्रॉली समोर आली, तर एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण उशिरा दाबलेला ब्रेक लवकर लागत नाही.

वर्षभर स्प्लेंडरच चालव, नाहीतर चांगली ठेवलेली जुनी १५० घे, बिनफायबरची. आयएसआय मार्कचं फुलफेस हेल्मेट मात्र याच पगारात घे. रविवारी मोकळ्या मैदानात ४० च्या वेगावरून पुढचा ब्रेक हळूहळू आवळायला शीक. मग शोरूमला जा, नुसता बसून फोटो काढू नकोस. स्टँड काढ आणि गाडी पायानं मागं ढकलून बघ. जमलं तर मला परत लिही, मी बाबांशी बोलेन.

जुनी बघायला जाशील तेव्हा हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळव आणि कोनसेटजवळच्या (हँडल जिथं फिरतं तिथल्या बेअरिंगजवळच्या) स्टॉपरवर बोट फिरव. तो चेपलेला लागला, तर गाडी जोरात पडलेली असू शकते. रंग कितीही चकचकीत असो, मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नकोस.