ब्रिटनमधलं घर, खोली गरम करणारा गरम पाण्याचा रेडिएटर खालून गार. उतरवून धुवायचा तर कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा?

दोन्ही. वरून गार असता तर नुसती हवा काढून भागलं असतं. खालून मधोमध गार म्हणजे गाळ.

हीटिंग बंद करून पाणी निवू द्या. आकडेवाला थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह शून्यावर ठेवून विसंबू नका, खोली गारठली की काही आपोआप उघडतात. त्याचं डोकं काढून बंद करायची टोपी आवळा. दुसऱ्या टोकाचा लॉकशील्ड (पाण्याचा प्रवाह ठरवणारा, टोपीखालचा व्हॉल्व्ह) पान्याने घड्याळाच्या दिशेने बंद करा आणि किती फेरे झाले ते लिहून ठेवा. परत तेवढेच उघडायचे, नाहीतर बाकीच्या खोल्यांच्या उष्णतेचं गणित बिघडतं.

खाली पसरट भांडं, जुने टॉवेल. एका पान्याने व्हॉल्व्ह धरून दुसऱ्याने तो रेडिएटरला जोडणारा नट सैल करा. न धरल्यास तांब्याचा पाइप पिळवटतो. मग वरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा) उघडा, तेव्हा कुठे पाणी धड उतरतं. धार थांबतच नसेल तर व्हॉल्व्ह गळतोय, नट लगेच आवळा. गाळ शाईसारखा काळा असतो, कार्पेटवरून निघत नाही; म्हणून उचलताना रेडिएटरची तोंडं बंद करा.

बाहेर नळीने, स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. बसवल्यावर हवा काढा. सीलबंद (वर पाण्याची टाकी नसलेली) सिस्टीम असेल तर थंड बॉयलरचा दाब १ ते १.५ बारवर आणा. इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) पाण्यात घालायला विसरू नका.